धनसिंगाची बिनवझ्याची गाडी

बोरी अरबच्या पलीकडं, अडाण नदीच्या अंगाला एक बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्या तांड्यातल्या धनसिंग राठोडाकडं एक लाल मोटार होती. दोन माणसांची, बिनछताची, विलायतेत घडलेली, आणि दुकानातून कोरी करकरीत घेतलेली. हे ऐकलं की नवा माणूस पहिलं विचारी, "कशी पळते हो?" आता ह्याला उत्तर काय द्यावं! दहा वर्षं ती गाडी धनसिंगाच्या दारात होती, आणि दहा वर्षं धनसिंग तिच्या बाजूनं पायी चालला. तिच्यात बसला म्हणून नाही. बसायची हौस नव्हती असं कोणी समजू नका. सकाळी डोळा उघडल्यापासून त्याच्या मनात तेवढंच असे, की एकदा आपण आपल्या गाडीत बसावं, ते गोल चाक हातात धरावं आणि दारव्ह्याच्या सडकेनं सुटावं. पण ते जमेना. का जमत नाही, हे त्याचं त्यालाही धड सांगता येत नसे. सांगायला लागला की मध्येच डोकं खाजवी आणि म्हणे, "आता हे कसं झालं बावा, मलेच नाई समजलं."

तर पहिल्यापासून ऐका.

धनसिंग तेव्हा पंचेचाळिशीचा. उंचापुरा, छपरी मिशांचा, हातात चांदीचं कडं. आज्यापणज्यानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर माल नेला होता. त्याला लदेणी म्हणत. आगगाडी आली तशी लदेणी संपली आणि माणसं शेतीला लागली. धनसिंगानं शेतीही केली आणि झरी जामणीकडच्या जंगलात सागवान तोडायचा ठेकाही घेतला. मुकुटबनच्या बाजूला चार साल राहून तो परत आला, तेव्हा गाठीला बरा पैसा होता आणि डोक्यात एकच विचार होता, ट्रक घ्यावा. लाकूड वाहायला दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? घरात तसं सांगून छप्पन सालच्या दसऱ्याच्या सुमाराला तो नागपूरला गेला.

त्या दिवसांत नागपुरात पाय ठेवायला जागा नव्हती. दीक्षा घ्यायला आलेल्या लोकांनी रस्ते पांढरेशुभ्र झाले होते. त्या गर्दीत त्याला उकंडा भेटला. उकंडा बोरीचाच, दारव्ह्याच्या एका जिनिंगची लॉरी चालवायचा. आदल्या दिवशी दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यात उभा होता, चेहरा कसा धुतल्यासारखा.

"भाऊ, तुमी इकडं?"

"ट्रक घ्याले आलतो. चाल बरं मायासंगं. तुले इंजिनातलं समजते."

दोघं निघाले ते ट्रकच्याच दुकानाकडं. पण वाटेत एक काचेचं दुकान लागलं, आणि काचेआड ती उभी होती. लाल. बुटकी, लांब नाकाची, जणू मांजर उडी मारायच्या आधी दबून बसलंय. दुकानदारानं सांगितलं की कोण्या बड्या असामीनं मागवली होती, तो न्यायलाच आला नाही, म्हणून सस्त्यात देतो. धनसिंग काचेला नाक लावून उभा राहिला. उकंडा म्हणत होता, "भाऊ, ह्याच्यात एक सागाची फाटी नाई मावत." धनसिंग "हाव, हाव" म्हणत होता. आणि तसंच हाव हाव म्हणता म्हणता त्यानं ट्रकचे पैसे तिथं मोकळे केले. पुढं कितीदा तरी त्यानं आठवून पाहिलं, की आपण "घेतो" असं तोंडानं म्हणालो केव्हा? ते काही त्याला आठवलं नाही.

दुकानदार म्हणाला, "बसून पाहा ना शेठ." धनसिंगानं धोतराकडं पाहिलं. आगगाडीच्या धुरानं ते काळंमिच्च झालं होतं आणि आतली गादी सायीसारखी. "नाई," तो म्हणाला, "घरी जातो, आंघोळ करतो, मंग बसतो." त्याला चालवताही येत नव्हती म्हणा. उकंडानं गाडी आणली. वर्धा, यवतमाळ करत धनसिंग बाजूच्या सीटवर घोंगडी अंथरून, अंग चोरून, पाहुण्यासारखा बसून आला. चाकाच्या सीटवर मात्र घरी गेल्यावर, न्हाऊनधुऊन.

तांड्यात गाडी आली तशी सारी माणसं गोळा झाली. धनसिंगाची आई मोतीबाई काठी टेकत बाहेर आली. वय पंच्याहत्तरच्या पुढं, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, नजर अजून लख्ख. लहानपणी ती शेवटच्या लदेणीबरोबर पायी चाललेली बाई. घरात ती माणसं गोरबोलीत बोलत, आणि आईला याडी म्हणत. तेवढा एक शब्द ठेवून बाकीचं आपल्या बोलीत सांगतो.

म्हातारीनं गाडीला एक चक्कर मारली. पुढच्या बाजूला चकचकीत दांड्यांची जाळी होती, त्यावरून बोट फिरवलं.

"दात तं सारे आले याचे. नवा म्हनून दात जुळलेला, उतरत्या वयाचा बैल गळ्यात मारला तुह्या."

"दात नाई ते, याडी."

"माल कुठं भरतेत?"

"माल... माल नाई भरत ह्याच्यात."

"मंग बसते कोन?"

"दोघं जनं."

"घरात आपन नऊ."

मागून धनसिंगाची बायको रुक्माबाई म्हणाली, "दोघं कोन ते आंधी सांगा. मंग बाकीचे सात आमी आमचं पाहतो." सारा तांडा हसला.

म्हातारी हसली नाही. "ट्रक आनाले गेलता ना तू?"

इथं धनसिंग घाबरला. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, पण आईपुढं अजून पोरच. आणि जे पहिलं तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"ट्रक मागून येते, याडी. माल वाहाची ते मागून येईन. ही... ही पुढं चालाची."

"पुढं चालाची?"

"हाव."

"वझं न घेता?"

"हाव ना. वझं नाईच घेत ही."

मोतीबाईनं गाडीच्या नाकावर तळहात ठेवला. "गराशा," ती हळूच म्हणाली. "माह्या लेकानं गराशा आनला."

लदेणीच्या आघाडीला एक बैल चाले. तो देवाचा. त्याच्या अंगावर लाल कापड, गळ्यात घुंगुरमाळ, पण पाठीवर गोणी कधी नाही. तो नुसता पुढं चालायचा आणि लादलेले सारे बैल त्याच्या मागून. तोच गराशा. मोतीबाईच्या सासऱ्याच्या वेळी शेवटचा गराशा मेला, तेव्हापासून तांड्यात दुसरा झाला नव्हता. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रडणाऱ्या आईला काय सांगायचं? की मी खोटं बोललो? आणि खोटं तरी पुरतं कुठं होतं? ही गाडी वझं घेत नाही, हे खरं. हिच्यात माल मावत नाही, हेही खरं. एक ट्रकचं तेवढं सोडलं तर त्यानं म्हटलेलं सगळं खरंच होतं. तिथून त्याच्या डोक्यात जो गुंता झाला, तो काही सुटला नाही.

तासाभरात गाडीच्या नाकाला कुंकू लागलं, लाल फडकं बांधलं गेलं, दिव्यांच्या मधून घुंगुरमाळ लोंबली. धनसिंगानं आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, मिशांना तेल लावलं आणि बाहेर आला. गाडीच्या दाराला हात घालणार, तोच म्हातारीनं विचारलं, "कुठं?"

"बसून पाहतो जरा."

"गराशावर?"

झालं. हात तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली पंचायत बसली. प्रश्न एकच, माणूस म्हणजे वझं की नाही? लालसिंग नायक तांड्याचा म्होरक्या, सावकाश बोलणारा म्हातारा. त्यानं धनसिंगाला उभं केलं आणि वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"गोनी किती मनाची राहे?"

"दोन मनाची," कोणी तरी म्हणालं.

"अन् तू?"

धनसिंगानं पोट आत ओढलं.

"अडीच मनाचा तं असशीनच. दोन मनाची गोनी वझं, अन् अडीच मनाचा तू वझं नाई? हे कसं काय?"

"नायक, पन मोटरले कोनी तरी हाकाले पाह्यजे ना?"

"बैलाले हाकनारा बैलावर बसते का?"

ह्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं. धनसिंगानंही मान हलवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच विरुद्ध मान हलवतोय.

उकंडा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "माय, मी तं आता हे काही मानत नाई. मायासाठी हे लोखंड हाय. मी बसून चालवली तं?"

मोतीबाई प्रेमानं म्हणाली, "तू नको मानू, बापा. पन तो मानते ना." आणि तिनं काठीनं गाडी दाखवली. उकंडानं गाडीकडं पाहिलं. गाडी काही बोलली नाही.

पण इंजिन फिरवलं नाही तर जाम होईल, हेही उकंडानं सांगून ठेवलं होतं. मग त्यानंच तोड काढली. गाडी बुटकी, वरून उघडी. बाहेर उभं राहूनही चाकापर्यंत हात पोचे. एक खुंटी होती, ती ओढून ठेवली की इंजिन आपलं आपण गुरगुरत राही. राहिला खालचा क्लच. तो दाबायला पाय हवा. उकंडानं बैल हाकायची पराणी घेतली, तिचं जाड टोक आत घालून क्लच दाबला, दुसऱ्या हातानं पहिला गिअर टाकला आणि पराणी हळूहळू वर घेतली. गाडी चालायला लागली. माणसाच्या चालीनं. घुंगरू वाजवत. उकंडा एक हात चाकावर ठेवून बाजूनं चालला आणि दहा पावलांवर त्यानं धनसिंगाला म्हटलं, "धरा भाऊ, तुमचा बैल." थांबवायची असली की किल्ली फिरवायची, बस.

तेव्हापासून दर मंगळवारी धनसिंग गाडीला फिरवायला न्यायचा. तांड्यातून निघून नदीच्या वाटेनं आंब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. बोरीचे लोक बांधावर उभे राहून पाहत. कोणी ओरडे, "धनसिंगभाऊ, थकले असान, बसा ना गाडीत!" कोणी म्हणे, "आमच्या बैलबंडीत या बसाले, तिले राहू द्या मोकळी." धनसिंग हसे. मनातून मात्र त्याची नजर त्या रिकाम्या सीटवरून हलत नसे. सीट इतकी जवळ, की हात लांबवला तर तिच्यावर ठेवता यावा. पण हात ठेवला तर ते वझं होईल का? हाताचं किती वझं? तो हात मागं घेई.

एकोणसाठ साली एकदा त्यानं ठरवलं, सांगून टाकायचं. म्हातारी उन्हात गोधडी शिवत होती. तो शेजारी बसला.

"याडी, ते मागून येनारी ट्रक..."

"हाव," म्हातारी सुईत दोरा ओवत म्हणाली, "तू घाई नको करू. आमची बी लदेनी कधी कधी आठ आठ दिवस मागं राहे. मोठी असन, म्हनून वेळ लागून राह्यला."

"पन ते येनारच नसन तं?"

"गराशा उभा हाय ना दारात. त्याले दिसते. तुले नाई दिसत."

धनसिंग उठला तो सरळ गाडीपाशी गेला, आणि ती ज्या दिशेला तोंड करून उभी होती तिकडं बराच वेळ पाहत राहिला. नदी, कपाशीचं शेत, एक म्हैस. तिसऱ्या दिवशी हे त्यानं उकंडाला सांगितलं तर उकंडा म्हणाला, "भाऊ, खोटं तुमी बोलले, अन् आता ट्रकची वाट बी तुमीच पाहून राह्यले?"

दरम्यान राज्यंही बदलत होती. गाडी घेतली तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात. महिना झाला नाही तोच तो मुंबई राज्यात गेला. साठ साली महाराष्ट्र झाला. उकंडा म्हणे, "तुमची गाडी नदीच्या आंब्यापल्याड नाई गेली, पन तीन राज्य फिरून आली." कागद नवे करायला धनसिंग यवतमाळला गेला, तेव्हा तिथल्या कारकुनानं विचारलं, "वापर कशासाठी? घरगुती की मालासाठी?"

"मालासाठी नाई."

"म्हणजे घरगुती. घरातले किती जण वापरता?"

"कोनीच नाई."

"मग कोण बसतं?"

"कोनीच नाई बसत, साहेब. मी बाजूनं चालतो."

कारकून भला माणूस होता. त्यानं टाक खाली ठेवला, चहा मागवला, अर्धा धनसिंगाला दिला आणि सारी हकीकत ऐकून घेतली. शेवटी घरगुती असंच लिहिलं, पण लिहिताना दोनदा थांबला.

घरातली गत काय सांगावी! धनसिंग गाडी रोज पुसे. पावसाळ्यात पळसाच्या पानांचा मांडव, त्यावर ताडपत्री. रंग असा राहिला की दाढी करावी त्यात बघून. रुक्माबाईला जाच होता तो ह्या पुसण्याचा. आणि एकदा तर तिची तांबडी कोंबडी त्या सायीसारख्या गादीवर जाऊन बसली आणि अंडं घालून आली. मोतीबाईनं पाहिलं, आणि कोंबडीला दाणे टाकले.

रुक्माबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सासूबाई, कोंबडीले चालते अन् घरधन्याले नाई चालत?"

"कोंबडीले का मालूम गराशा कोन ते?" म्हातारी म्हणाली. "याले मालूम हाय."

म्हणजे आपल्याला माहीत नसतं तर बसता आलं असतं? धनसिंग चार दिवस त्यावरच विचार करत राहिला. माहीत असलेली गोष्ट माहीत नसलेली कशी करायची, ह्यावर त्याला काही उपाय दिसेना.

त्रेसष्ट साली यवतमाळचे भगवानराव वकील आले. कोटबूट, काळा चष्मा. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की बोरीकडं एका तांड्यात विलायती गाडी आहे, सात वर्षांची, पण कोरी. त्यांनी गाडी पाहिली, एक शीळ घातली, आणि दार न उघडताच टांग टाकून आत जाऊन बसले. चाकाच्या सीटवर!

सात वर्षं धनसिंगानं ज्या जागेकडं नुसतं पाहिलं, तिथं हा बुटासकट बसला. म्हातारी काठी घेऊन धावली. "उतरवा त्याले! उतरवा!" वकील घाबरून उतरले, त्यांना नारळ फोडायला लावला, कान धरायला लावले. बिचाऱ्यांनी सगळं केलं. मग धनसिंगाला बाजूला घेऊन म्हणाले, "द्या मला. म्हणाल ते देतो."

"ते माही नाई ना, वकीलसाहेब."

"मग कोणाची?"

"देवाची."

"कागदावर तर तुमचं नाव आहे."

"हाव, नाव मायंच हाय."

"मग पुसता कोणासाठी रोज?"

देवासाठी म्हणावं तर धनसिंग देवासाठी पुसत नव्हता. स्वतःसाठी म्हणावं तर स्वतःच्या काय कामाची? गाडी विकली तर सुटलो, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्या पैशात ट्रकही घेता आला असता, आणि आईला तो दाखवता आला असता. सगळं जागच्या जागी बसलं असतं. पण त्याची मान आपोआप नाही म्हणून हलली. वकील गेल्यावर तो गाडीपाशी गेला. गादीवर वकिलांच्या बसण्याचा खोलगा पडला होता. तो हळूहळू वर येईपर्यंत धनसिंग तिथंच उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणून, आणि राग नेमका कोणाचा आलाय हे न कळून.

असं करता करता सहासष्ट साल उजाडलं. धनसिंग पंचावन्नचा झाला. उजवा गुडघा सुजायला लागला. मंगळवारची फेरी त्याला जड जाऊ लागली. उकंडा तोवर यवतमाळला एस.टी.त लागला होता, सुटीत येई. तो म्हणायचा, "भाऊ, आता नका नेऊ. पडसान." पण धनसिंगाला वाटे, आपण नेणं बंद केलं तर बसायचा उरलासुरला योगही गेला. काय योग होता त्यात ते देव जाणे.

त्या मंगळवारी सकाळी त्यानं पराणीनं क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी निघाली. मोतीबाई दाराशी बसली होती, पंच्याऐंशीच्या घरातली. उकंडा सुटीवर आलेला, कडुनिंबाखाली लालसिंग नायकाजवळ बसून तंबाखू मळत होता. तांड्याबाहेर उताराला लागल्यावर धनसिंगाचा गुडघा कळकन् दुखला, पाय मुडपला आणि चाकावरचा हात सुटला. गाडी पुढं गेली. घुंगरू वाजवत, आपल्या चालीनं, नदीकडं.

"हो! हो! थांब रे बावा, हो!" धनसिंग लंगडत तिच्या मागं, बैलाला ओरडावं तसा ओरडत. गाडी काही बैल नव्हती, ती थांबेना. उतारावर तर जरा घाईतच निघाली. खाली बांध, त्याच्या खाली नदीचा कोरडा, दगडगोट्यांचा गोटाड.

सारा तांडा धावला. आणि सगळ्यांच्या वर मोतीबाईचा आवाज आला, "चढ! अरे चढ त्याच्यावर!"

"याडी, वझं!" धनसिंग पळता पळता ओरडला.

"चढ म्हनते ना!"

धनसिंगानं दाराची कड धरली. चढायला गेला, पण सुजलेला गुडघा वर येईना. गाडी त्याला ओढत नेऊ लागली. मग तोल गेला आणि तो आत कोसळला, मुंडकं खाली, पाय आभाळात. डोकं गादीवर, आणि एक हात खाली कशावर तरी जोरात पडला. इंजिन किंचाळलं. गाडीनं झेप घेतली. पाय खाली घेऊन, उलटा सुलटा होऊन तो कसाबसा सरळ झाला, आणि पाहतो तर चाक त्याच्या दोन्ही हातांत, पाय त्याच पेडलवर, आणि वारा मिशांतून आरपार! बांध चुकवून गाडी नदीच्या वाटेला लागली. आंबा आला, गेला. दहा वर्षांत त्या आंब्याच्या पुढची वाट त्यानं गाडीसोबत कधी पाहिली नव्हती. किल्ली समोरच होती, फिरवली की थांबलीच असती. त्याला ती दिसत होती. पण हात जाईना. आपण ओरडतोय की गाडी ओरडतेय, तेही त्याला समजेना. शेवटी दारव्ह्याची सडक दिसली आणि पेट्रोल संपून गाडी आचके देत थांबली. तो बसून राहिला. आता आपण काय केलं?

तांडा बैलबंड्या घेऊन पोचला. एका बंडीतून मोतीबाई उतरली. म्हातारी गाडीपाशी आली.

"बसला तू?"

"मले... मले नाई मालूम, याडी. पाय मुडपला, हात सुटला, अन् मंग..."

उकंडा म्हणाला, "पडले ते, माय. म्या सोता पाह्यलं. मुंडकं आत, पाय वर."

लालसिंग नायक खाली वाकून चाकाच्या बाजूला बसला. बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "गोनी कशी लादत?"

"दोघं उचलत," म्हातारी म्हणाली. "एक म्हने हां, दुसरा म्हने हो, अन् मंग पाठीवर ठेवत."

"याले कोनी उचललं?"

"कोनीच नाई."

"कोनी ठेवलं?"

"नाई."

"मंग लादलं कुठं? लादलं नाई तं वझं कुठं? झाडाचा पाला बैलाच्या पाठीवर पडते. त्याले कोनी वझं म्हनते का?" नायकानं काडी फेकून दिली. "बसला असता तं वझं झालं असतं. हा तं पडला."

मोतीबाई विचारात पडली. सडकेवरून एक एस.टी. गेली, तिच्यातली माणसं वाकून पाहून गेली, तरी तिचा विचार चालूच. मग म्हणाली, "पडला तं चालते."

"एकखेपच का, याडी?" धनसिंगानं घाबरत विचारलं.

"पडनारा मानूस का मोजून पडते?"

उकंडानं बाजारातून डबाभर पेट्रोल आणलं. तोवर धनसिंग उतरून उभा होता. आता परत न्यायची. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. पाय उचलून आत ठेवला असता तर ते बसणं झालं असतं, एवढं त्याला कळत होतं. त्यानं दाराकडं पाठ केली. डोळे मिटले. आणि अंग सैल सोडून, अडीच मणाचा तो माणूस, धप्पकन् मागं पडला. कोपराला लागलं, पागोटं रुक्माबाईच्या पायाशी गेलं. तिनं ते उचलून झटकलं आणि म्हणाली, "आता हे रोज का?" मोतीबाई तोवर दुसरीकडं तोंड करून बाभळीकडं पाहत होती.

"बसला?" तिनं न वळता विचारलं.

"नाई, याडी. पडलो."

"मंग हाक."

उकंडाला ह्या सगळ्याची काही गरज नव्हती. तरी तोही दुसऱ्या बाजूनं, म्हातारीचा मान राखून, पाठमोरा पडला आणि ओठ चावत कंबर चोळत सरळ बसला. त्यानं धनसिंगाचा पाय धरून क्लचवर ठेवला, हात गिअरवर ठेवला. गाडी निघाली, सडकेला लागली, पुन्हा तशीच किंचाळायला लागली. धनसिंगाचा चेहरा लहान पोराच्या चेहऱ्यासारखा झाला होता.

"भाऊ, गाडी बोंबलून राह्यली," उकंडा तिच्या आवाजावरून ओरडला, "आता दुसरा टाका!"

"दुसरा काय?"

"दुसरा गिअर!"

धनसिंगानं सडक सोडून त्याच्याकडं पाहिलं.

"अजून हायेत?"